लांब जाणारा की थांबणारा? एका सोलापूरकर गोल्फरच्या बॉलचं प्रकरण

या प्रकरणातल्या गृहस्थांना आपण अण्णा म्हणू. वय साठीच्या जवळ, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचा कारखाना, स्वभाव हिशेबी पण नादिष्ट. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्यांनी तपासलेल्या बॉलची नावंही दिलेली नाहीत. कंपन्या दर एक-दोन वर्षांनी मॉडेल बदलतात, त्यामुळे नावावरून केलेली शिफारस लवकर शिळी होते. मी त्यांच्यासोबत खेळणारा, आणि पेशाने कापडाच्या क्वालिटी टेस्टिंगमधला. नोंदी ठेवायचं काम त्यामुळे आपसूकच माझ्याकडे आलं.

पार्श्वभूमी

अण्णांना गोल्फचा नाद लागला तो धंद्यातून. एका परदेशी खरेदीदाराने गोल्फ टॉवेलची चौकशी केली होती: तीन घड्यांचा, वरच्या कडेला आयलेट, त्यात बॅगेला अडकवायचा हूक. ऑर्डर घेण्याआधी अण्णांना बघायचं होतं की माणूस या टॉवेलने नेमकं पुसतो काय. म्हणून ते एका ओळखीच्यांबरोबर पुण्याच्या एका कोर्सवर गेले आणि संध्याकाळी परत आले ते क्लबच्या, म्हणजे बॉल मारायच्या काठ्यांच्या, किमती विचारतच.

तेव्हापासून महिन्यातून एक-दोनदा पुणे ठरलेलं. आदल्या दुपारी गाडी काढायची, भिगवणला थांबायचं (लोक तिथे मासे खायला थांबतात, अण्णा शाकाहारी, त्यामुळे आमच्या वाट्याला फक्त चहा), रात्री पुण्यात मुक्काम आणि सकाळी खेळ. मधल्या दिवसांत सराव होटगी रोडच्या पुढे असलेल्या त्यांच्या शेतात. तिथे विहिरीजवळ त्यांनी हरळीचा एक पट्टा राखला आहे. हरळी म्हणजे रानात दिसली की मुळासकट उपटायची, असा आपल्याकडचा रिवाज. गोल्फच्या मैदानांवर जी बर्म्युडा जातीची गवतं लावतात ती तिच्याच कुळातली. मालक हरळीला पाणी देतात हे बघून त्यांच्या सालगड्याने सुरुवातीला कपाळाला हात लावला होता.

खेळाडू म्हणून अण्णा मधल्या फळीतले. हँडिकॅप (अपेक्षेपेक्षा साधारण किती फटके जास्त लागतात तो आकडा) पंचविशीच्या आसपास, अठरा होलला शंभरच्या थोडे वर फटके. ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब, फिरवण्याचा वेग ताशी ८० ते ८५ मैल. अमेरिकेच्या पीजीए टूरवरच्या (व्यावसायिक स्पर्धांतल्या) खेळाडूंचा सरासरी वेग ११५ मैलांच्या आसपास असतो. हा फरक लक्षात ठेवा, कारण बॉलच्या जाहिराती त्या ११५वाल्यांना पुढे करून केल्या जातात.

अडचण

२०२३च्या जुलैत अधिक श्रावण होता. मुलगी आणि जावई अमेरिकेहून आले होते. अधिक महिन्यात सासऱ्याने जावयाला द्यायचं असतं. इथे जावयानेच सासऱ्याला दोन डझन बॉल दिले, तेही टूरवर चालतात ते, सगळ्यात महागातले. अण्णांच्या बॅगेत आधीपासून तीन तऱ्हेचे बॉल होते. कुठल्याशा व्यापारी परिषदेत मिळालेले कंपनीचा लोगो छापलेले, दुकानातून घेतलेले स्वस्त टू-पीस (दोन थरांचे), आणि कॅडीकडून (कोर्सवर बॅग वाहणाऱ्या मदतनिसाकडून) पिशवीभर घेतलेले पाण्यातून-झुडपातून काढलेले. एका राउंडमध्ये चार जातींचे बॉल खेळले जात. हरवला की हाताला येईल तो पुढचा.

जावयाचे बॉल आल्यावर अण्णांनी मला विचारलं, "आता एकदाचं सांगा, सगळ्यात लांब जाणारा कोणता? तोच घेऊ."

उत्तर सोपं होतं आणि त्यांना न आवडणारं होतं. गोल्फचे नियम करणाऱ्या दोन संस्था, आर अँड ए आणि यूएसजीए, बॉलचं वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त आणि व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी असू देत नाहीत. यंत्राने मारल्यावर तो किती वेगाने सुटतो आणि एकूण किती लांब जातो, यालाही कमाल मर्यादा आहे. चांगल्या कंपन्यांचे बहुतेक बॉल त्या मर्यादेला टेकलेलेच असतात. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये या संस्थांनी अंतराची चाचणी आणखी कडक करायचं जाहीर केलं, म्हणजे वाट उलट दिशेची आहे. ताशी ८० मैलांच्या हाताला नियमात बसणाऱ्या दोन चांगल्या बॉलमधून अंतराचा मोठा फरक मिळणार नव्हता.

मग अडचण नेमकी कुठे होती? मी त्यांना पुढच्या राउंडपासून स्कोअरकार्डावर दोन जास्तीचे आकडे लिहायला सांगितले: पन्नास यार्डांच्या आतून मारलेले फटके, आणि पट (ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतावर, बॉल ढकलायचे फटके). चित्र लगेच दिसलं. पार ७२च्या, म्हणजे अठरा होल बहात्तर फटक्यांत अपेक्षित असलेल्या, कोर्सवर ड्रायव्हर सहसा जास्तीत जास्त चौदा वेळा निघतो, कारण चार होल पार ३, म्हणजे जवळचे, असतात. अण्णांचे पट अडतीस-चाळीस होत होते, आणि ग्रीनभोवतीचे चिप आणि पिच (बॉल उचलून ग्रीनवर टाकायचे छोटे फटके) विसाच्या वर. म्हणजे बऱ्याच होलवर ते ग्रीनच्या तोंडाशी येऊन दोन-दोनदा चिप करत होते. कोरड्या दिवसांत तर एक चिप ग्रीनवर पडून जागीच थांबे. पुढच्या होलवर तसाच फटका, तेवढीच ताकद, आणि बॉल ग्रीन ओलांडून पलीकडच्या रफमध्ये (वाढलेल्या गवतात). अण्णा दर वेळी हाताला दोष देत. पण पहिल्या फटक्याचा बॉल एका जातीचा होता आणि दुसऱ्याचा दुसऱ्या, हे कुणी लिहूनच ठेवलेलं नव्हतं.

निर्णयाचा पहिला टप्पा इथे आला. प्रश्न "लांब कोणता जातो" असा ठेवायचा, की "ग्रीनजवळ कोणता माझं ऐकतो" असा? अण्णा सहजासहजी तयार झाले नाहीत. त्यांचा युक्तिवाद असा, की पहिल्या टीवर (होल सुरू करायच्या जागी) चौघे बघत असतात, ड्राइव्ह लांब गेला तर "वा शेठ" म्हणतात. चिपला कोण बघतंय? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. स्कोअरकार्ड मात्र त्यांच्यासमोर होतं, आणि आकड्यांपुढे अण्णा फार वेळ ताणत नाहीत.

बॉलच्या आत काय असतं

निवड कळायला एवढं पुरे. आतला गाभा रबराचा, पॉलिब्युटाडाइनचा. टू-पीस बॉलमध्ये त्यावर थेट कव्हर. थ्री-पीसमध्ये मधे आणखी एक कडक थर. चार-पाच थरांचेही बॉल निघतात. कव्हर मुख्यतः दोन प्रकारचं. आयनोमर हे कठीण, टिकाऊ, स्वस्त प्लास्टिक. युरेथेन त्यापेक्षा मऊ, चिवट आणि महाग.

ड्रायव्हर बसतो तेव्हा बॉल क्लबच्या तोंडावर सुमारे अर्धा मिलिसेकंद असतो आणि गाभ्यापर्यंत दबतो. तिथे गाभ्याचा गुण दिसतो. पंधरा यार्डांच्या चिपला गाभा दबतच नाही म्हटलं तरी चालेल. तिथे वेजच्या (जवळच्या फटक्यांच्या क्लबच्या) तोंडावरच्या खाचा आणि कव्हर यांचाच काय तो व्यवहार. आयनोमर कव्हर कठीण असल्यामुळे तोंडावरून वर घसरतं, बॉल थोडा उंच सुटतो आणि कमी फिरतो. युरेथेन खाचांत आणि मधल्या कडक थरात चिमटलं जातं, बॉल कमी उंचीने सुटतो आणि जास्त फिरतो. ग्रीनवर पडल्यावर थांबतो तो या फिरकीमुळे.

दुसरा शब्द कानावर येतो तो कॉम्प्रेशन. म्हणजे बॉल दाबायला किती कठीण. ४०च्या आसपासचा मऊ, ९०-१००चा कडक. "हात मंद असेल तर मऊ बॉल घ्या" हा सल्ला सगळीकडे मिळतो, पण त्यावर कंपन्यांचंही एकमत नाही. ब्रिजस्टोनने अनेक वर्षं ड्रायव्हरच्या वेगावरून बॉल जुळवून द्यायचा प्रचार केला. टायटलिस्ट म्हणते, ग्रीनपासून सुरू करा आणि मागे टीकडे या. मला दुसरी वाट पटते. मऊ बॉल वाजतो मऊ, हाताला बरा लागतो, यात खोटं काही नाही. पण तेवढ्याने चिप थांबत नाही. कॉम्प्रेशन ४० आणि कव्हर आयनोमर, असे बॉल बाजारात भरपूर आहेत, आणि नवशिक्याला "सॉफ्ट" या शब्दामुळे वाटतं की हा ग्रीनवर चिकटेल.

अण्णांना या सगळ्यात आवडली ती एक जुनी गोष्ट. १८९८ साली अमेरिकेत कोबर्न हॅस्केल याने रबराचा ताणलेला धागा गाभ्याभोवती गुंडाळून बॉल काढला, आणि धागा गुंडाळलेले बॉल पुढे शंभर वर्षं व्यावसायिक खेळात टिकले. २००० साली टायटलिस्टचा प्रो व्ही वन हा घन गाभ्याचा बॉल आला तेव्हा धाग्याचा जमाना वर्षा-दोन वर्षांत संपला. "म्हणजे बॉबिनच की हो!" असं म्हणून त्यांनी तो विषय कारखान्यातल्या जॉबरलाही ऐकवला.

समोरचे पर्याय

पहिला, जावयाचे बॉल: थ्री-पीस, युरेथेन, कडक गाभा. फुकटात आलेले, पण संपल्यावर डझनाला पाच हजारांच्या घरात.

दुसरा, टू-पीस आयनोमर, मऊ गाभ्याचा. त्याच्या साधारण निम्म्या किमतीत. वेजने सहसा सोलत नाही, कार्ट-पाथवर (गाड्यांच्या पक्क्या वाटेवर) आपटला तरी दम धरतो.

तिसरा, थ्री-पीस युरेथेन, पण गाभा मधला, कॉम्प्रेशन ७०च्या आसपास. किंमत दोघांच्या मधे. दुकानदार हा सहसा पुढे करत नाहीत, कारण गिऱ्हाईक एक तर स्वस्त मागतं नाही तर नावाजलेला.

चौथा, कॅडीची पिशवी. अण्णांच्या तिथल्या कॅडीने प्रामाणिकपणे सांगितलं, "साहेब, यातला कुठला किती दिवस पाण्यात होता ते मलाही माहीत नाही." शिवाय काही बॉल घासून पुन्हा रंगवलेले निघाले. खळग्यांत रंग साचलेला दिसतो, नखाने कळतं. बॉलवर तीनशे-चारशे खळगे असतात ते शोभेला नव्हेत. त्यांच्यामुळे हवा बॉलला जास्त वेळ धरून वाहते आणि मागची ओढ कमी होते. गुळगुळीत बॉल त्याच फटक्याला निम्म्याच्या आसपास जातो. खळगे रंगाने भरले तर तो बॉल मूळच्यासारखा उडेल अशी खात्री देता येत नाही. हा पर्याय सरावापुरता ठेवून बाद केला.

पहिली चाचणी: जुलैचा ओला ग्रीन

आमच्या धंद्यात सॅम्पल तपासताना त्यावर मिलचं नाव ठेवत नाहीत, कोड टाकतात. तेच इथे केलं. तिन्ही जातींच्या नव्या बॉलवरचं नाव मार्करने बुजवून काळा, लाल, हिरवा ठिपका दिला. कुठला रंग कुणाचा, हे अण्णांना ठाऊक नाही. जागा एक, सँड वेज एक, लक्ष्य एक. बॉल पडल्यापासून किती पावलं पुढे गेला, एवढंच लिहायचं.

शेतात ही चाचणी होणार नव्हती. काळ्या मातीत पावसाळ्यात बॉल रुततो, उन्हाळ्यात ढेकळावरून कुठेही उडतो, आणि एप्रिलमध्ये रानाला भेगा पडल्या की त्यात गेलेला बॉल पुढच्या नांगरटीलाच दिसायचा. हरळीचा पट्टा चिप मारायला ठीक, पण बॉल पडायला ग्रीन हवा. म्हणून पुण्याच्या सराव ग्रीनवर जुलैअखेर चाचणी घेतली.

निकाल: काही फरकच नाही. तिन्ही ठिपके पडल्या जागी दोन-तीन पावलांत थांबले.

अण्णांनी तिथल्या तिथे दुसरा पर्याय पक्का करायचं ठरवलं. निम्म्या किमतीत तेच मिळत असेल तर महाग का घ्यायचं? हिशेब बिनतोड होता. अडवलं ते कॅडीने. तो म्हणाला, "साहेब, आत्ता दगड टाकला तरी थांबेल. फेब्रुवारीत या."

त्याचं म्हणणं दोन कारणांनी खरं होतं. पावसाळ्यात ग्रीन मऊ असतो, बॉल खड्डा करून थांबतो, फिरकीची गरजच पडत नाही. दुसरं, गवत ओलं असलं की वेज आणि बॉल यांच्यामध्ये पाणी येतं आणि युरेथेनचाही बॉल घसरतो. त्याची पकडच जाते. म्हणजे जो गुण तपासायचा तोच पावसाने झाकून टाकलेला. टॉवेल शोषक आहे की नाही हे ओल्या टॉवेलवर तपासत नाहीत, हे अण्णांना वेगळं सांगायला लागलं नाही. निर्णय दिवाळीनंतरवर ढकलला.

एक आडवी गोष्ट: न पुसलेली वेज

त्या दिवशी आणखी एक गोष्ट दिसली, आणि माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात किमती तीच. अण्णांच्या वेजच्या खाचांत वाळलेली माती भरलेली होती. हरळीच्या पट्ट्यावरून आणलेली, दक्षिण सोलापूरची अस्सल काळी माती. खाचा भरलेल्या असतील तर कुठल्याही कव्हरला धरायला जागा राहत नाही. पाच हजारांचा बॉलही आयनोमरसारखा वागतो.

बॅगेला त्यांच्याच कारखान्याचा टॉवेल लटकत होता, कोरा करकरीत, घडी न मोडलेला. सोलापूरच्या टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, हे अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. पण सॅम्पल मळवायचं नाही ही सवय इतकी हाडात भिनलेली, की गोल्फचा टॉवेल विकणारा माणूस स्वतःचा क्लब कधी पुसतच नव्हता. कॅडीने हसू दाबलं. अण्णांनी दाबलं नाही, मोठ्याने हसले आणि घडी मोडली.

त्यानंतरचा क्रम ठरला: टॉवेलचा एक कोपरा ओला, बाकीचा कोरडा. प्रत्येक वेज-फटक्याआधी ओल्याने खाचा, मग कोरड्याने तोंड. ग्रीनवर जागेची खूण ठेवून बॉल उचलून पुसायला नियम परवानगी देतो, ती प्रत्येक वेळी घ्यायची.

दुसरी चाचणी: दिवाळीनंतर

नोव्हेंबरच्या शेवटी, सकाळचं दव वाळल्यावर, त्याच ग्रीनवर तेच ठिपके. वेज पुसलेली. या वेळी फरक नजरेने दिसला. टू-पीसवाला लाल ठिपका चिपला पडून बराच पुढे गेला, तीस यार्डांच्या पिचला तर ग्रीनच्या कडेपर्यंत. काळा आणि हिरवा, दोन्ही युरेथेनचे, एकदा उसळून ओढ लागल्यासारखे थांबत होते. त्या दोघांत अण्णांना फरक करता आला नाही. मी तीनदा ठिपक्यांची अदलाबदल केली, तरी नाही.

ड्रायव्हरची तुलना बंद जागेत बसवलेल्या लॉन्च मॉनिटरवर (फटक्याचा वेग आणि अंतर मोजणाऱ्या यंत्रावर) केली, वारा नको म्हणून. तिन्ही बॉल काही यार्डांच्या आत-बाहेर. एकाच बॉलने मारलेल्या दोन फटक्यांतला फरक त्याहून मोठा निघाला. लांबीचा विषय तिथे संपायला हवा होता. अण्णांच्या मनातून तो पूर्ण गेला असं मी म्हणणार नाही. रेंजवरचे (सराव-मैदानावरचे) बॉल मात्र चाचणीत कुठेच वापरले नाहीत. ते टिकण्यासाठी बनवलेले असतात, बरेचसे मुद्दाम कमी उडणारे, आणि हजारदा मार खाल्लेले. त्यांच्यावरून स्वतःचा बॉल ठरवू नये.

जावयाचे दोन डझन

आता राहिले काळा आणि हिरवा. काळा म्हणजे जावयाचे. फरक कळत नसेल तर स्वस्तातला हिरवा घ्यायचा, हा सरळ हिशेब. पण जावयाने आणलेली वस्तू बाजूला ठेवली हे मुलीला कळलं तर? आमच्यापैकी एकाने सुचवलं, आधी हे दोन डझन संपवा, मग बदला. वरवर शहाणपणाचं, पण त्यात एक खोट होती. अण्णा महागडा बॉल जपून खेळत. पाण्यावरून मारायचं होल आलं की खिशातून कॅडीचा जुना बॉल काढत. दोन होलच्या मध्ये बॉल बदलायला रोजच्या खेळात हरकत नाही. एकाच मॉडेलची सक्ती स्पर्धेत स्थानिक नियम लावला तरच असते. पण होल चालू असताना मनाला येईल तेव्हा बदलता येत नाही, दंड बसतो. मग पाणी दुसऱ्या फटक्याला असलं की ते टीवरूनच जुना बॉल लावत, आणि त्या होलची चिपही जुन्यानेच. म्हणजे पुन्हा मूळ रोग: हात एक, बॉल चार.

हा गुंता काकूंनी, म्हणजे अण्णांच्या पत्नीने, सोडवला. त्यांनी फोनवर जावयालाच सांगितलं, "अहो, तुमचे बॉल हरवायला यांचा जीव होत नाही, त्यामुळे खेळ बिघडतोय." जावईबापू हसले म्हणे, आणि म्हणाले, "मग पार्टनरना वाटून टाका, मी पुढच्या वेळी तुम्ही सांगाल ते आणतो." एक डझन तसे वाटले गेले. दुसरा अण्णांच्या ऑफिसात काचेच्या कपाटात, एक्स्पोर्टच्या ट्रॉफीशेजारी आहे.

काय ठरलं

थ्री-पीस युरेथेन, मधल्या कॉम्प्रेशनचा, एकच मॉडेल, एकच रंग. राउंडला सरासरी तीन-चार बॉल हरवतात हे धरून वर्षाचा आकडा काढला आणि तेवढे बॉल एकदम घेतले, अधिकृत विक्रेत्याकडून, पक्क्या बिलावर, कारण नावाजलेल्या बॉलच्या नकला बाजारात असतात. बॉलवर हिरव्या मार्करने स्वतःची खूण करायची. २०१९पासून हरवलेला बॉल शोधायला तीनच मिनिटं मिळतात. सापडलेला आपलाच आहे हे पटवता आलं नाही तर तो हरवल्यातच जमा. शेतातल्या सरावालाही त्याच मॉडेलचे सोललेले बॉल. आणि बॅग गाडीच्या डिकीत राहणार नाही. सोलापूरचा मे महिना, पत्र्याखाली उभी गाडी, त्यात महिनाभर बॉल. इतकी उष्णता दीर्घकाळ लागणं बॉलच्या रबराला चांगलं नाही.

परिणाम

डिसेंबर ते मार्च हा कोरडा काळ. या चार महिन्यांत ग्रीनभोवतीचे फटके राउंडमागे चार-पाचांनी उतरले, आणि अण्णा बहुतेक वेळा शंभरच्या आत येऊ लागले. पटचा आकडाही थोडा उतरला. त्याचं श्रेय पटिंगला देता येत नाही. चिप जवळ थांबली की पट छोटा उरतो. ड्राइव्ह होता तिथेच आहे.

यातलं बॉलमुळे किती? सांगता येत नाही. बॉल एक झाला, वेज पुसली जाऊ लागली आणि हरळीवरचा सराव वाढला, तिन्ही एकाच हिवाळ्यात घडलं. माझा अंदाज असा, की टॉवेलचा वाटा अण्णा मानतात त्यापेक्षा बराच मोठा आहे. त्यांना मात्र वाटतं बॉलनेच केलं. पैसे बॉलला मोजलेत ना.

न जमलेल्या गोष्टीही आहेत. सोललेल्या कव्हरचा खर्च आम्ही धरला नव्हता. स्वच्छ खाचांची वेज युरेथेनला ओरखडते, आणि अण्णा आता थोडा ओरखडा दिसला की बॉल सरावाच्या पिशवीत टाकतात. वर्षाचा अंदाज त्यामुळे चुकला आणि मार्चमध्ये पुन्हा डझन मागवावे लागले.

वेगळं काय करता आलं असतं

एक, वेज आधी पुसायला लावून दोन-तीन राउंड जुन्याच बॉलने खेळवता आले असते. मग कशामुळे किती फरक पडला ते वेगळं कळलं असतं. आमच्या लॅबमध्ये एका वेळी एकच घटक बदलतात. इथे सीझन निघून चालला होता आणि अण्णांना धीर नव्हता.

दोन, लॉन्च मॉनिटरसाठी खर्चलेला वेळ आणि पैसा वाचला असता. त्याने ड्रायव्हरबद्दल जे सांगितलं ते आधीच दिसत होतं. पण ते सत्र झालं नसतं तर अण्णांनी हिरवा ठिपका मान्य केला असता का, याची मला शंका आहे. कधी कधी चाचणी निर्णय घ्यायला लागत नाही, घेतलेला निर्णय पटवायला लागते.

तीन, टू-पीसला आम्ही जरा घाईने निरोप दिला. ज्याचे राउंडला आठ-दहा बॉल हरवतात, किंवा ज्याची वेज चिपला अजून बॉलच्या खालून न जाता मधोमधच बसते, त्याला युरेथेनचा पैसा वसूल होत नाही. अण्णांच्या सोबतीतल्या एका नव्या खेळाडूने त्यांचं बघून तोच बॉल घेतला आणि महिन्याभरात सोडला. त्याने योग्य केलं.

चार, पावसाळ्याचा प्रश्न अजून लटकलेला आहे. जून ते सप्टेंबर ग्रीन मऊ, गवत ओलं, रफ वाढलेला आणि बॉल जास्त हरवणारे. या चार महिन्यांसाठी स्वस्त टू-पीस वापरावा असं माझं मत. जुलैच्या चाचणीचा आकडा त्याच बाजूचा आहे. अण्णांचं म्हणणं, पावसाळ्यात बॉल बदलला तर ऑक्टोबरात हात पुन्हा नव्याने बसवावा लागेल, आणि पट मारताना येणारा आवाजही बदलतो. दोन्ही बाजूंना थोडं थोडं वजन आहे. २०२४च्या पावसाळ्यात ते युरेथेनच खेळले, खर्च वाढला, स्कोअर तसाच राहिला. पुढच्या जूनसाठी मी टू-पीसचा एक डझन घेऊन ठेवला आहे, ठिपके लावून. अण्णांना अजून सांगितलेलं नाही.